फोर-बाय-फोर पिकअपच्या खालची ऑईलगळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

साध्या पिकअपमध्ये इंजिनाच्या मागे ऑईल भरलेल्या जागा दोनच असतात, गिअरबॉक्स आणि मागचे डिफ्रन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी). फोर-बाय-फोर गाडीत त्यांत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढचे डिफ्रन्शियल यांची भर पडते आणि फिरता शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे प्रत्येक ठिकाणी ऑईल आत अडवणारी रबरी कडी, म्हणजे एक ऑईल सील, असते, त्यामुळे गळू शकणाऱ्या जागा जवळपास दुप्पट होतात. विदर्भातल्या खेड्यांत ही गाडी ज्या कामाला लागते ते कामही सीलांना मानवणारे नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्याचा काळा चिखल हाऊसिंगला (गिअरांच्या बाहेरच्या धातूच्या पेटीला) लिंपला जाऊन तिथेच कडक होतो, रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडावे लागतात, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि कापूस वेचून झाल्यावर शेतात राहिलेले पऱ्हाटीचे खुंट खालचे रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची आवरणे, फाडतात.

गळणारी गाडी मिस्त्रीकडे नेली की बहुधा एकच निदान ऐकू येते, की सील गेले आहे आणि ते बदलून टाकू. सील बदलले जाते, महिना-दोन महिने बरे जातात आणि त्याच जागी पुन्हा ओल दिसू लागते, कारण पहिले सील का गेले हे कोणी पाहिलेले नसते. ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर करणारे तोंड) तुंबलेला असेल, ऑईल प्रमाणापेक्षा जास्त भरलेले असेल, शाफ्टवर खाच पडलेली असेल किंवा बेअरिंग ढिले झालेले असेल, तर नवे सीलही जुन्याच्याच वाटेने जाते. म्हणून खालील पद्धतीत सुटे भाग विकत घेण्याची पाळी बऱ्याच उशिरा येते.

गाडीखाली जाण्याआधी

काम सपाट आणि टणक जागेवर करावे. काळ्या मातीच्या अंगणात जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) भाराने रुततात, तेव्हा त्यांच्याखाली जाड फळी घालावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली सरकू नये. फोर-बाय-फोरची एक वेगळी खोड लक्षात ठेवावी लागते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही चाके मोकळीच राहतात, आणि प्रॉपेलर शाफ्ट (डिफ्रन्शियलपर्यंत ताकद नेणारा लांब फिरता दांडा) सोडवल्यावरही हाच प्रकार होतो. म्हणून जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय काम सुरू करू नये. एकच ॲक्सल (दोन चाकांमधला आस) घोड्यांवर असताना इंजिन चालू करून फोर-व्हील लावणे हा तर सरळ अपघात आहे, कारण टेकलेली दोन चाके गाडीला घोड्यांवरून ओढून काढतात.

खाली पडलेला द्रव कोणता

सगळ्यात आधी गळणारा द्रव ओळखावा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरावा, त्यावर पुढची बाजू आणि चारही चाकांच्या जागा खडूने लिहाव्यात आणि सकाळी डागांची जागा, रंग व वास पाहावा. डिझेल इंजिनाचे वापरलेले ऑईल काळेभोर असते. गिअर ऑईल पिवळसर तपकिरी आणि जाड असते, आणि त्यातील दाब सहन करण्यासाठी घातलेल्या गंधकयुक्त रसायनांमुळे त्याला जो उग्र वास येतो तो एकदा घेतला की पुन्हा विसरला जात नाही. लालसर पातळ तेल दिसले तर ते पॉवर स्टीअरिंगचे असण्याची शक्यता असते, मात्र काही गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्येही हेच लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, भरलेले असते, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. कूलंट पाण्यासारखा, हिरवा किंवा गुलाबी आणि किंचित गोड वासाचा असतो. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे, हे सांगण्याचे कारण असे की नवे गाडीमालक दर मे महिन्यात त्यापायी घाबरून येतात.

चाकाच्या आतल्या बाजूने ओल येत असेल तर ते डिफ्रन्शियलचे ऑईल आहे की ब्रेक ऑईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे आणि दुसऱ्यात जिवाशी गाठ आहे. पेलाभर पाण्यात त्या द्रवाचे दोन थेंब टाकून ढवळावे. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑईल वर तरंगत राहते. ब्रेक ऑईल निघाले तर गाडी जागची हलवू नये आणि आधी व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) पाहावा.

गळती किती मोठी आहे याचा अंदाजही याच वेळी घ्यावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो, त्यामुळे रात्रभरात पडलेले आठ-दहा थेंब ही मोठी आपत्ती नाही. पण उभ्या गाडीवरून चालत्या गाडीचा हिशेब लावता येत नाही. ऑईल तापून पातळ झाले आणि गिअर ते उडवू लागले की तेच सील कितीतरी अधिक गळते. थेंब मोजण्यापेक्षा लेव्हल मोजावी, हे खरे माप. नुसती ओलसर धूळ चिकटलेली असेल, थेंब धरत नसेल आणि लेव्हल महिनोन्‌महिने तीच असेल, तर त्या सीलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उगमापर्यंत पोहोचणे

गाडी चालताना वारा ऑईलला मागे ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढते, त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा उगमापासून हात-दीड हात दूर असू शकते. चिखल आणि जुन्या तेलाचा थर असलेल्या हाऊसिंगवर उगम शोधणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे, म्हणून आधी धुलाई करावी. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, पण डिझेल आणि ब्रशही तेच काम करतात. ब्रेकच्या ड्रमवर व रबरी नळ्यांवर डिझेल उडू देऊ नये. थर सुटला की कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करावे. वॉशिंग सेंटरवर धुतल्यास दाबाच्या पाण्याचा झोत सील आणि ब्रीदर यांवर सरळ मारू देऊ नये, नाहीतर गळती शोधता शोधता आत पाणी घालून परत यावे लागते.

कोरड्या झालेल्या हाऊसिंगवर अंगाला लावायची टाल्कम पावडर पातळशी भुरभुरावी आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी, त्यात एखादा कच्चा पट्टा फोर-व्हील लावून पार करावा. परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिले की पांढऱ्या पावडरवर ओली रेघ स्पष्ट उमटलेली दिसते. त्या रेघेचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू हाच उगम समजावा. फिरत्या फ्लँजजवळचे (शाफ्ट जोडायच्या चकतीजवळचे) सील गळत असेल तर आणखी एक खूण मिळते: फ्लँज ऑईल भिरकावते, आणि बरोबर तिच्या वर, बॉडीच्या तळावर, आडवी ओली पट्टी उमटते. ती पट्टी कोणत्या जागेच्या वर आहे हे पाहिले की सील कोणते ते कळते.

एक जागा अनुभवी मिस्त्रींनाही चकवते, ती म्हणजे बेल हाऊसिंगचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घंटेसारख्या भागाचा, तळ. इथून गळणारे ऑईल क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचे असू शकते, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचे असू शकते, किंवा इंजिनाच्या वरच्या कव्हरचे पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गळून तेच ऑईल इंजिनाच्या पाठीवरून खाली ओघळलेले असू शकते. पहिल्या दोन कारणांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तिसऱ्यासाठी फक्त वरचे पॅकिंग बदलावे लागते. तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय घेण्याआधी इंजिनाच्या पाठीवर हात आणि आरसा दोन्ही फिरवून पाहावे.

ब्रीदर आणि लेव्हल

डिफ्रन्शियलचे हाऊसिंग पूर्ण बंद नसते. ॲक्सलच्या नळीवर एक लहानशी टोपी किंवा वर नेलेली रबरी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापली की ती इथून बाहेर जाते आणि थंड झाली की आत येते. हाऊसिंग ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापले आणि ब्रीदर तुंबलेला असला, तर आतल्या हवेचा दाब जवळपास पावपट, म्हणजे सुमारे तीन पीएसआयने, वाढतो. आकडा लहान वाटतो, पण सीलच्या रबरी ओठाला तासन्‌तास तो दाब सोसावा लागतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर येऊ लागते. उलट प्रकार अधिक घातक आहे. तापलेले ॲक्सल नाल्याच्या पाण्यात शिरले की आतली हवा झटकन आकसते, ब्रीदर बंद असल्यामुळे ती सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते, आणि गाडी बाहेरून कोरडीठाक दिसत असतानाच बेअरिंग गंजायला सुरुवात होते.

ब्रीदर तुंबला आहे का, हे पाहण्याची सोपी पद्धत अशी: गाडी चांगली तापवून आणावी आणि ऑईल भरण्याचा बोल्ट बाजूला उभे राहून अगदी हळू सैल करावा. फुस्स असा आवाज झाला तर आत दाब साठलेला आहे. मग टोपी खोलून डिझेलमध्ये धुवावी, नळी असल्यास ती काढून कॉम्प्रेसरने फुंकावी. काळ्या मातीचा वाळलेला गाळ तर असतोच, पण बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले सापडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. ज्यांना दर पावसाळ्यात नाले ओलांडावे लागतात त्यांनी टोपीच्या जागी नळीचे तोंड बसवून तेलाला चालणारी रबरी नळी इंजिनाच्या खोलीत उंच न्यावी. ॲक्सल खाली-वर होताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवावी, मध्ये कुठेही पाणी साचेल असा झोळ ठेवू नये आणि वरचे तोंड खाली वळवावे. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये हीच सर्वांत स्वस्त आहे, आणि मला विचाराल तर सर्वांत फायद्याचीही हीच.

लेव्हल पाहताना एक नियम मोडू नये: खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरण्याचा बोल्ट सुटतो का हे पाहावे. वरचा गंजून बसलेला असेल आणि खालून सगळे ऑईल काढून टाकलेले असेल, तर गाडी तिथेच अडकते. बहुतेक डिफ्रन्शियलमध्ये भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल असावे लागते. गाडी सपाट उभी करून, थोडा वेळ थांबून, बोट वाकवून घातले की ते बोटाला लागले पाहिजे. भरण्याच्या भोकाची बाजू उंच करून जास्तीचे ऑईल कोंबणे हा काही गॅरेजांतला लाडका उपाय आहे, आणि त्यातून जितकी ॲक्सल सीले गेली आहेत तितकी खड्ड्यांनी गेली नसतील.

बोटावर आलेल्या ऑईलचा रंग दुधाच्या चहासारखा असेल तर आत पाणी गेलेले आहे. शंका असल्यास त्याचा एक थेंब तापलेल्या जुन्या पत्र्यावर टाकावा, पाणी असेल तर तो तडतडतो. असे ऑईल पूर्ण काढावे, स्वस्तातले गिअर ऑईल भरून दहा-वीस किलोमीटर सावकाश चालवावे, तेही काढावे आणि मग योग्य प्रतीचे भरावे. आत डिझेल भरून चाके फिरवण्याची प्रथा आहे, ती टाळावी, कारण तेवढा वेळ गिअर आणि बेअरिंग जवळजवळ कोरडेच घासतात. काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप दिसला तर ती नेहमीची झीज आहे. चकत्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर सीलचा विचार सोडून हाऊसिंग उघडावे लागेल.

ऑईलच्या प्रतीबद्दल एवढेच सांगतो की डिफ्रन्शियलमध्ये साधारणपणे जीएल-५ प्रतीचे, ८०डब्ल्यू-९० किंवा पुस्तिकेत दिलेल्या जाडीचे ऑईल लागते, पण ज्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ सांगितले आहे त्यात जीएल-५ भरू नये, कारण त्यातील रसायने गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खाऊ शकतात.

पिनियन सील

मागच्या डिफ्रन्शियलच्या तोंडाशी, जिथे प्रॉपेलर शाफ्ट आतल्या पिनियनला (लहान गिअरला) जोडला जातो तिथले सील सर्वांत जास्त वेळा गळते, आणि तेच सर्वांत जास्त वेळा चुकीच्या पद्धतीने बदलले जाते. सील फोडण्याआधी फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहावी. ती हलत असेल तर बेअरिंग गेलेले आहे आणि नुसते सील टिकणार नाही. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) ढिले असतील तर त्यांचा थरथराट सीलला खातो, तेही आधी बदलावेत. शाफ्टभोवती सुतळी, बारदान्याचा धागा किंवा ठिबकची फाटलेली नळी गुंडाळली गेलेली असेल तर ती कापून काढावी. शेतातून फिरणाऱ्या गाडीत हा कचरा फ्लँजच्या मागे शिरतो आणि सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो.

मग शाफ्टची आणि डिफ्रन्शियलची फ्लँज यांवर एकाच रेषेत छिन्नीची खूण करावी, म्हणजे तोल न बिघडता शाफ्ट पूर्वीसारखाच बसेल. दुसरी खूण मधल्या नटावर आणि पिनियनच्या टोकावर करावी आणि नट काढताना किती फेरे सुटले ते मोजून लिहून ठेवावेत. याचे कारण असे की बऱ्याच डिफ्रन्शियलमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये क्रश स्लीव्ह, म्हणजे दाबल्यावर आकसणारी पातळ नळी असते. नट जास्त आवळला की ती गरजेपेक्षा जास्त आकसते, बेअरिंग जखडते, तापते आणि काही शे किलोमीटरांत आवाज करू लागते; नंतर नट सैल करून हे नुकसान भरून येत नाही, कारण आकसलेली नळी पुन्हा लांब होत नाही. म्हणून नट खोलण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवावे. चाके आणि ड्रम काढून ब्रेकची अडचण दूर करावी, फ्लँजभोवती दोरी गुंडाळून तिला सामान तोलायचा लहान लटकता काटा अडकवावा आणि फ्लँज एकसारखी फिरत असताना काट्यावर दिसणारा आकडा लिहून घ्यावा. कापूस मोजायचा मोठा काटा इथे कामाचा नाही, त्याला इतका हलका ताण कळत नाही.

फ्लँज पुलरने काढावी, मागून हातोडी मारून नव्हे. जुने सील उपसताना पेचकसाची धार हाऊसिंगच्या भोकाला ओरखडा पाडणार नाही याची काळजी घ्यावी. आता खरी तपासणी येते: फ्लँजवर सीलचा ओठ जिथे फिरतो त्या चकचकीत पट्ट्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तिथे खाच पडलेली आहे आणि नवे सील कितीही चांगले असले तरी त्या खाचेतून ऑईल येणारच. उपाय तीन आहेत: फ्लँज नवी घेणे, तिच्यावर बसणारी पातळ पोलादी स्लीव्ह चढवणे, किंवा जागा असेल तर सील एखाददुसरा मिलिमीटर बाहेर बसवून ओठाला न झिजलेला पट्टा देणे. नख अडकत नसेल पण गंज दिसत असेल, तर अगदी बारीक पॉलिश पेपर शाफ्टच्या गोलाईने फिरवावा. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा हा ऑईलला तयार रस्ताच असतो.

नवे सील जुन्याच्या नंबरावरून घ्यावे. त्यावर बहुधा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. काही सीलांच्या ओठावर तिरक्या रेघा आणि बाहेर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. असे सील उलट दिशेने फिरणाऱ्या शाफ्टला चालत नाही, आणि पुढचा व मागचा पिनियन एकाच दिशेने फिरतोच असे नाही. साधे नायट्राईल रबर साधारण १०० अंशांपर्यंत नीट टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट चढणाऱ्यांनी व्हायटॉनचे (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचे) सील मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तेच घ्यावे.

बसवण्याआधी सीलच्या आतल्या बाजूला, बारीक गोल स्प्रिंगच्या खाचेत, ग्रीस भरावे, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडून आत पडते आणि बाहेरून काहीच कळत नाही. ओठालाही ऑईल लावावे. हातोडीने कडेकडेने ठोकण्याऐवजी सीलच्या बाहेरच्या कडेइतक्या व्यासाचा पाईपचा तुकडा ठेवून त्यावर ठोकावे, म्हणजे सील वाकडे न होता सारखे आत जाईल. फ्लँजच्या आतल्या दातांवरून आणि नटाच्या वॉशरखालून ऑईल मधोमध झिरपण्याचा एक छुपा मार्ग असतो, तेव्हा तिथे गॅस्केट सीलंटची पातळ पट्टी द्यावी. नवा नट पूर्वीच्या खुणेपर्यंत आणावा, काटा लावून पाहावा, आणि आकडा पूर्वीइतका किंवा किंचित जास्त येईपर्यंत अगदी थोडे-थोडे आवळावे. आकडा बराच वर गेला तर क्रश स्लीव्ह नवी टाकण्यावाचून इलाज नाही.

चाकांकडची गळती

मागच्या चाकाचे ॲक्सल सील गेले की ऑईल ब्रेकच्या पट्ट्यांवर पोहोचते आणि गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. तेल प्यायलेल्या पट्ट्या पेट्रोलने धुवून परत लावणे अनेक ठिकाणी चालते, पण तापल्यावर तेल पुन्हा वर येते, म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नव्याच टाकाव्यात. ॲक्सल शाफ्ट बाहेर काढताना व आत घालताना त्याचे वजन सीलच्या ओठावर टेकू देऊ नये, दातांवर पातळ पॉलिथिन गुंडाळावे, आणि शाफ्ट बाहेर असतानाच बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. गाडी रोज एकाच उतारावर तिरकी उभी राहत असेल आणि नेहमी खालच्याच बाजूचे सील जात असेल, तर गाडी उभी करण्याची जागा बदलून पाहण्यास काही खर्च येत नाही.

पुढे गाडीची बांधणी पाहावी लागते. जिप्सी आणि जुन्या जीपगाड्यांमध्ये पुढचे ॲक्सल सलग असते आणि चाक वळते तिथे गोल बंद नकल (सांध्याभोवतीची बंद पेटी) असते. त्या गोलाबाहेर पातळ, काळे, तेलकट ग्रीस ओघळताना दिसले की बाहेरचे फेल्टचे सील बदलण्याची घाई होते; पण ग्रीस मुळात घट्ट असते, ते पातळ झाले याचा अर्थ आतले सील गेले आहे आणि डिफ्रन्शियलचे ऑईल नकलमध्ये येऊन मिसळत आहे. तिथे आतले सील बदलून, नकल धुवून नवे ग्रीस भरावे लागते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या नव्या पिकअपमध्ये सीव्ही जॉइंटचे (चाक वळतानाही त्याला फिरवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट असतात. बूट फाटला की रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे गोल शिंतोडे दिसतात. वेळेत दिसले तर बूट आणि ग्रीस बदलून भागते. पूर्ण वळणावर कट-कट आवाज येऊ लागला असेल तर जॉइंटच गेला असे समजावे.

ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स आणि पॅकिंग

ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या आउटपुट शाफ्टची सीले, गिअर बदलण्याच्या दांड्याची ओ-रिंग आणि असल्यास स्पीडोमीटर केबलची ओ-रिंग एवढ्या जागा पाहाव्यात. शेवटच्या दोन्ही रिंगा अतिशय स्वस्त असतात आणि त्यांच्या गळतीचा दोष नेहमी मोठ्या सीलवर येतो. जुन्या जीपांमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरच असे, त्यामुळे त्या गाडीत हँडब्रेक धरेनासा झाला की आधी हे सील पाहावे.

जिथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला थेट जोडलेली असते तिथे एक गळती अशी असते की जिचा एकही थेंब बाहेर पडत नाही. दोघांच्या मधले सील गेले की एकाचे ऑईल दुसऱ्यात जाते. गिअरबॉक्सची लेव्हल खाली उतरत असेल आणि ट्रान्सफर केसचा बोल्ट उघडताच ऑईल भरभरून बाहेर येत असेल, तर निदान झाले. दोन्हींत वेगळ्या प्रतीचे ऑईल असेल तर ते मिसळलेले असते, म्हणून दुरुस्तीनंतर दोन्ही पूर्ण बदलावेत.

पॅकिंगच्या जागी आरटीव्ही सिलिकॉन (लावल्यावर सुकून रबर होणारी पेस्ट) वापरताना दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही राहणार नाही इतके स्वच्छ करावेत आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने सुमारे तीन मिलिमीटरची सलग रेघ द्यावी. जास्त लावलेले सिलिकॉन आतल्या बाजूलाही निघते, तिथे तुटून ऑईलबरोबर फिरते. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा. नाइलाज असेल तर जुना लालभडक तापवून थंड केला की मऊ होतो आणि पुन्हा बसतो. हाऊसिंगला दगड लागून केसासारखी चीर गेली असेल तर एम-सीलने घरापर्यंत पोहोचता येते, पण ओतीव भागाचे योग्य वेल्डिंग किंवा बदल हाच त्याचा इलाज आहे. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी औषधे रबर फुगवून काही दिवस काम करतात. झिजलेला शाफ्ट किंवा तुंबलेला ब्रीदर त्यांनी बरा होत नाही.

रस्त्यातच गळती लागली तर

तालुक्याचे गाव चाळीस किलोमीटरवर असताना डिफ्रन्शियल गळायला लागले, तर आधी लेव्हल पाहावी आणि मिळेल ते गिअर ऑईल भरून सावकाश निघावे. पुढचे डिफ्रन्शियल गळत असेल आणि हब (पुढच्या चाकांना ॲक्सलशी जोडणारे भाग) मोकळे होत असतील, तर हब मोकळे करून, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून मागच्या चाकांवर गाडी नेता येते. मागचे पिनियन बेअरिंगच गेले असेल तर मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर थोडे अंतर जाता येते, मात्र ज्या गाडीत मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसच्या सीलमधूनच सरकून बाहेर येतो तिथे तो काढताच तिचे ऑईल वाहू लागते, त्यामुळे त्या गाडीत हा उपाय करू नये. दर आठ-दहा किलोमीटरला थांबून पुढच्या आणि मागच्या हाऊसिंगच्या जवळ हात नेऊन तुलना करावी. उन्हाळ्यात डांबराच्या धगीने दोन्ही तापलेलीच असतात, पण एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त तापले असेल तर गाडी तिथेच उभी करावी आणि ओढून न्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून ठेवू नये, त्याने गिअर एकमेकांशी ताणले जातात आणि ऑईल विनाकारण तापते.

दुरुस्तीनंतर सगळे पुसून कोरडे करावे, पहिल्या ५० किलोमीटरनंतर नुसते पाहावे आणि ५०० किलोमीटरनंतर लेव्हल मोजावी. पावसाळा लागण्याआधी आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा लेव्हल आणि ब्रीदर तपासणी ठेवली तर आपल्या भागात पुरते. काढलेले जळके ऑईल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि वापरलेले ऑईल पुनर्वापरासाठी घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे किंवा त्याच्याकडे देणाऱ्या गॅरेजला द्यावे. वाळवीसाठी ते दारांच्या चौकटींना लावण्याची पद्धत गावोगाव आहे, पण वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये कर्करोगास कारण ठरणारी संयुगे असतात, त्यामुळे ते उघड्या हातांनी हाताळू नये आणि विहिरीच्या किंवा नाल्याच्या जवळ तर अजिबात ओतू नये.